वाचल्याने झिजणारं जनुक

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत गोडी छाटणी झाली, की कोवळ्या फुटीवर डाऊनी रोग पडू नये म्हणून मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट. ते बुरशीला मारतं आणि यीस्टही बुरशीच. द्राक्षाबरोबर तांब्याचा अंश रसात उतरला, तर रस आंबवणाऱ्या यीस्टला सीयूपी१ नावाचं जनुक तारतं. त्याचं प्रथिन तांब्याला धरून ठेवतं. यीस्टच्या काही वाणांत या जनुकाच्या दहाहून अधिक प्रती ओळीने असतात. याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं, की योगायोगाने ज्यांच्या प्रती वाढल्या ते तगले, बाकीचे मेले. ते चूक नाही, अपुरं आहे. योगायोग सगळ्या जनुकांत सारखा घडत नाही. जे जनुक पेशी अधिक वाचते, त्यात तो अधिक घडतो.

वाचणं म्हणजे प्रतिलेखन, डीएनएवरून आरएनएची नक्कल काढणं. शाळेच्या पुस्तकात ही क्रिया नीटनेटक्या बाणांनी दाखवतात, त्यामुळे त्यातली ओढाताण दिसत नाही. पिळाच्या दोरखंडाचे दोन पदर मध्येच उकलून बोट पुढे सरकवत न्या. बोटापुढचा पीळ घट्ट होत जातो, मागचा सैल पडतो. डीएनएचंही तसंच होतं. तो ताण उतरवायला टोपोआयसोमरेज-१ हे विकर एक धागा कापतं आणि पुन्हा जोडतं. पण कापलेल्या जागी डीएनएच्या घटकाऐवजी चुकून आरएनएचा घटक बसलेला असेल, तर जोडणी फसते आणि दोन ते पाच अक्षरं गळून पडू शकतात. इकडे ज्या धाग्याची नक्कल चालू नाही, तो तेवढा वेळ उघडा राहतो आणि रासायनिक इजेला सापडतो. कधी नवी आरएनए आपल्या साच्यालाच चिकटून बसते, मग उघडा धागा उघडाच. यीस्टच्या भरपूर वाचल्या जाणाऱ्या जनुकांत थायमिनच्या जागी युरॅसिल अधिक शिरतं, हेही २००९ साली दाखवलं गेलं. इजा एका प्रकारची नाही. जनुक उकललं की तिला अनेक वाटांनी आत यायला मिळतं.

अशा चुका किती घडतात हे मोजायची रीत साधी, पण चिकाटीची आहे. १९९५ साली दत्ता आणि जिंक्स-रॉबर्टसन या संशोधकांनी यीस्टच्या एलवायएस२ जनुकाची तीन-तीन अक्षरांनी वाचायची चौकट बिघडवून घेतली, म्हणजे पेशीला लायसिन बनवता येईना. मग त्या जनुकाला हुकमी चालू होणारी कळ जोडली. लायसिन नसलेल्या थाळीवर अशा पेशी वाढत नाहीत. नव्या उत्परिवर्तनाने चौकट पुन्हा जुळली तरच ठिपक्याएवढी वसाहत उगवते. ठिपके मोजा, की दर कळतो. पण एकाच भांड्यातली मोजणी फसवी. चूक लवकर घडली तर तिची असंख्य पिल्लं निघतात, उशिरा घडली तर एखाददुसरं. म्हणून अनेक वेगवेगळी भांडी लावावी लागतात. ही युक्ती लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांची, १९४३ची. निकाल सरळ निघाला. जनुक जोरात चालू असताना दर कित्येक पटींनी वाढला.

आता आक्षेप. अशी कळ गॅलॅक्टोजसारख्या साखरेने चालू केली जात असेल, तर साखर बदलल्याने पेशीचं सारं वर्तन बदलतं, दोष प्रतिलेखनाला कशाला? म्हणून पुढे डॉक्सिसायक्लिन या औषधाने कमी-जास्त करता येणारी कळ वापरली गेली. २००७च्या कामात उत्परिवर्तन प्रतिलेखनाच्या पातळीच्या प्रमाणातच वाढताना दिसलं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वाचल्या जाणाऱ्या धाग्यावर इजा आडवी आली तर वाचणारं यंत्र तिथेच अडतं आणि दुरुस्तीला बोलावतं, मग असं जनुक जास्त सुरक्षित नको का? काही इजांपुरतं ते आहेच. पण ही दुरुस्ती नक्कल ज्यावरून निघते त्या धाग्याची. उघड्या पडणाऱ्या धाग्याला तिचा तसा आधार नाही. राहिली तिसरी शंका, की सर्वाधिक वाचली जाणारी जनुकं तर उत्क्रांतीत सर्वांत कमी बदलतात. बदलतात कमी, कारण त्यांतली चूक पेशीला परवडत नाही आणि निवड ती पुसून टाकते. पुसून उरलेल्यावरून किती लिहिलं गेलं होतं, याचा अंदाज करू नये.

तांब्याकडे परत येऊ. २०१७ साली इंग्लंडमधल्या बाब्रहॅम इन्स्टिट्यूटच्या गटाने दाखवलं, की तांब्याने सीयूपी१चं प्रतिलेखन वाढलं की त्याच्या प्रतींची संख्याही जास्त वेळा बदलते. इथे गरजेप्रमाणे जीव बदलतो म्हणणाऱ्या लामार्कची आठवण होणं साहजिक आहे: गरज पडली आणि जनुक वाढलं! पण त्याच गटाने त्या जागी गॅलॅक्टोजची कळ बसवली, तेव्हा तांब्याचा संबंधच नसतानाही प्रती बदलल्या. म्हणजे बदल गरजेमागे येत नाही, वापरामागे येतो. फायद्याची बाजू नंतर निवड ठरवते. गरज आणि वापर बहुधा एकाच वेळी येतात, एवढ्यानेच सगळं हेतुपूर्वक घडल्यासारखं दिसतं.

नाशिकच्या वाइनवाल्याला याने फारसा फरक पडत नाही, हे कबूल. बहुतेक ठिकाणी हंगामात द्राक्षं चिरडली, की कोरड्या यीस्टचं नवं पाकीट फुटतं. पिढ्यान्‌पिढ्यांची झीज साठायला वेळच मिळत नाही. साखर संपते, यीस्ट तळाशी बसतं, आणि वाइन वरून दुसऱ्या टाकीत काढली की खालचा गाळ टाकीबाहेर जातो.