नेम धरलात, पण घरी सांगितलंत का?

१ ऑगस्ट २०२४. पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकला आणि आपल्याकडे एकच जल्लोष झाला. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिम्पिकचं वैयक्तिक पदक मिळालं होतं. त्या दिवशी तुमच्याही मनात आलं असेल, ‘यार, आपणही एकदा रेंजवर जाऊन बघूया.’

गेलात. क्लबची पिस्तूल हातात घेतली. पहिले चार छर्रे कुठे गेले ते देवाला ठाऊक, पण पाचवा बरोबर काळ्या गोलात! झालं, हौस लागली. दोन महिन्यांनी वाटायला लागलं, आता स्वतःची हवी. इथपर्यंत गोष्ट तुमची एकट्याची असते. लग्न झालेलं असेल, तर इथून पुढे ती दोघांची होते.

‘बंदूक’ हा शब्द ऐकूनच घरातलं वातावरण बदलतं, त्यामुळे आधी तेवढं स्पष्ट करा. १० मीटर प्रकारात वापरतात ती हवेच्या दाबावर चालणारी पिस्तूल किंवा रायफल. ४.५ मिलिमीटरपर्यंतचा बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असेल, तर शस्त्र नियम २०१६नुसार तिला परवाना लागत नाही. त्यापुढे पॉइंट टूटू वगैरेकडे वळलात, की परवाना आणि पोलिस पडताळणी आलीच. परवाना असला तरी २०१९च्या कायदादुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. त्यामुळे अमेरिकेतल्या हौशी माणसासारखं कपाट भरून बंदुका जमवण्याचा प्रश्न आपल्याकडे सहसा येत नाही. आपल्याकडे पैसा हळूहळू, दर महिन्याला जातो. घरात नेमकी तीच बाजू सांगायची राहते.

जरा आकडेमोड करू. स्पर्धेत ६० शॉट्स असतात. सरावाला तेवढे आणि वर वॉर्मअपचे धरा, म्हणजे एका दिवसाचे साधारण ८०. आठवड्यातून तीन दिवस गेलात तर २४०. छर्‍यांचा डबा बहुतेक वेळा ५०० नगांचा असतो, म्हणजे दोन आठवड्यांत एक डबा फस्त. वर्षाला झाले पंचवीस-सव्वीस डबे. डबा समजा हजार रुपयांचा धरला, तर पंचवीस हजारांच्या वर नुसते छर्रेच! त्यात रेंजची फी, कोचची फी आणि जाण्यायेण्याचं पेट्रोल वेगळं. रायफल निवडलीत तर जाड जॅकेट, पँट, बूट, हातमोजा हा सगळा संसार पाठोपाठ येतो. पिस्तूलवाल्यांचं त्या मानाने बरं असतं, त्यांना जॅकेट-पँट लागत नाही.

आता आमच्या घरातलीच गोष्ट सांगते. माझी ताई आणि दाजी पुण्यात भाड्याने राहतात. दोघं नोकरी करतात आणि घरासाठी डाउन पेमेंट जमवतायत. त्यासाठी ताईने तिचा स्विमिंगचा पास बंद केला होता. ‘एवढं वर्ष जाऊ दे,’ म्हणाली. त्याच महिन्यात दाजींनी एअर पिस्तूल मागवली, ईएमआयवर. किंमत म्हणाल तर त्यांचं तीन महिन्यांचं भाडं. ताईला कळलं ते कुरिअर खाली आल्यावर.

भांडण किमतीवरून झालं असेल, असं मला वाटलं होतं. मी विचारलं तर ताई म्हणाली, “किमतीचं काय गं, बसून काढली असती वाट. पण माझ्याआधी वॉचमनला माहीत होतं. आणि मी पास बंद केला तेव्हा हा गप्प बसला होता, त्याचं वाईट वाटलं.”

दाजींची बाजूही ऐकून घेतली. ते म्हणाले, “विचारलं असतं तर नाही म्हणाली असती, असं मीच धरून चाललो. आठवडाभर ऑफिसमध्ये डोकं फिरतं. रेंजवर तो एक तास दुसरं काही सुचत नाही. हे तिला कधी नीट सांगितलंच नव्हतं.”

पिस्तूल परत गेली नाही. पण एका रविवारी दोघांनी वही काढली आणि तीन गोष्टी ठरवल्या. घरखर्च आणि डाउन पेमेंट बाजूला काढल्यावर दोघांना दरमहा सारखीच रक्कम, ‘आपापली’. त्यात काय घेतलं याचा हिशेब कुणी कुणाला मागायचा नाही. पिस्तुलीचा ईएमआय दाजींच्या ‘आपापल्या’तून, म्हणजे छर्रे बेताने. आणि एका ठरावीक रकमेच्या वरची कोणतीही खरेदी ऑर्डर करण्याआधी बोलायची. ताईचा पास पुन्हा सुरू झाला. घराची तारीख काही महिने पुढे गेली, ती मात्र दोघांनी मिळून ढकलली.

तुम्ही बोलायला बसणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा.

‘फक्त’ हा शब्द काढून टाका. ‘फक्त पिस्तुलीचेच पैसे आहेत’ असं म्हणू नका. वर्षभराचा पूर्ण आकडा एका कागदावर लिहा आणि तो कागद समोर ठेवा. आकडा मोठा दिसेल, पण नंतर थोडा थोडा बाहेर येण्यापेक्षा ते परवडतं.

वेळही खर्चात धरा. आठवड्यातले तीन दिवस तुम्ही रेंजवर असाल, तेव्हा भाजी, दूध, मुलाचा अभ्यास कोण बघणार? पैशाचं जमलं तरी रविवार सकाळवरून वाजतंच.

काही महिने क्लबच्याच हत्यारावर काढा. नवशिक्यांना बर्‍याच रेंजवर ते वापरायला मिळतं. सहा महिन्यांनीही पहाटे उठून जाताय, हे घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलं, की तुमचं अर्धं काम झालेलं असतं. सेकंडहँडचाही विचार करा. फक्त हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघा. बर्‍याच मॅच गनच्या सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षांचं धरतात. जुना सिलिंडर गळ्यात पडला, तर स्वस्तातला सौदा महागात जातो.

ड्राय प्रॅक्टिस करा. छर्रा न घालता भिंतीकडे नेम धरून उभं राहायचं आणि ट्रिगर दाबायचा सराव करायचा. मोठे खेळाडूही हे करतात आणि याला एक रुपया लागत नाही. फक्त स्वयंपाकघरातून तिसर्‍यांदा हाक येईपर्यंत उभे राहू नका!

आणि सुरक्षेवर सौदा करू नका. परवाना लागत नसला तरी एअर पिस्तुलीचा छर्रा डोळा फोडू शकतो. ती कुलपात हवी, छर्रे वेगळ्या जागी, किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी. जोडीदार म्हणाला, ‘घरात नकोच,’ तर त्याला भित्रा ठरवू नका. क्लबमध्ये ठेवायची सोय आहे का ते विचारा.

समोर बसणार्‍यांनाही एक सांगायचंय. ‘हे काय वय आहे का?’ हा प्रश्न विचारण्याआधी एकदा रेंजवर जाऊन या. रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तुमचं माणूस त्याच्यासाठी श्वास रोखून उभं असतं, ते पाहिल्यावर ‘नाही’ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. निदान कशाला नाही म्हणतोय ते ठाऊक असेल.

आणि तुम्ही, कार्टमध्ये पिस्तूल टाकून ठेवलेले! ‘पे’ दाबायच्या आधी जोडीदाराला एवढंच विचारा, “तू गेल्या वर्षभरात स्वतःसाठी काय बंद केलंस?” उत्तर यायला वेळ लागला, तर खरेदी दोन दिवस थांबवा. पिस्तूल कुठे पळून जात नाही.