नंदुरबारच्या उन्हात पाळीव ससा

नंदुरबारचा मे महिना माणसालाच सोसत नाही, तिथे सशाचं काय! पारा चाळिशीपार जातो आणि सशाला तिशीपुढेच त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही. अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते. म्हणून पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर पिंजरा नकोच. घरातल्या थंड फरशीवर ठेवा, बाटलीत बर्फ करून फडक्यात गुंडाळून शेजारी द्या. अंघोळ मात्र घालू नका, घाबरून जीव जाऊ शकतो.

गाजर हा सशाचा खाऊ, जेवण नव्हे. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजायला सतत वाळलं गवत लागतं. सोबत थोडी कोथिंबीर, हरळी. दहा-बारा तास लेंड्या पडल्या नाहीत तर पशुवैद्य गाठा, उद्यावर ढकलू नका. कुत्र्याच्या गोचिडीवरचं फिप्रोनिल सशाला घातक ठरतं.

सशाच्या जोडीला फेरेट पाळायचा विचार असेल तर थांबा. फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा, पण वेगळ्या कुळातला मांसाहारी प्राणी. युरोपात सशांच्या शिकारीसाठीच तो वापरत. या दोघांना एकत्र ठेवण्याची हौस नसलेलीच बरी.

आणखी एक. सातपुड्याच्या पायथ्याशी शेतात सापडणारं पिल्लू पाळीव सशाच्या जातीचं नसतं. रानसशाची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. आई त्यांना एकटं ठेवते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. शिवाय रानससा 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तेव्हा ते पिल्लू उचलू नका, जागेवरच राहू द्या.