ट्रॅक्टरच्या बॅटरीवरील क्षार : कारणें व उपाय

रब्बीच्या पेरणीचे दिवस मोजके. जमिनीस वापसा येतो आणि दोन-चार दिवसांत ओल उडूनही जाते. अशा ऐन घाईच्या सकाळीं चावी फिरवावी आणि ट्रॅक्टरनें नुसता 'टक्' असा आवाज करून स्वस्थ बसावें, हा अनुभव आमच्या पुष्कळ वाचकांस आलेला असेल. मग चार माणसें गोळा करून ट्रॅक्टर ढकलावयाचा, किंवा तालुक्याच्या गांवाहून उधारीनें नवी बॅटरी आणावयाची! वस्तुतः अनेकदां बॅटरी शाबूत असते. दोष असतो तो टर्मिनलांवर चढलेल्या पांढऱ्या-निळसर भुकटीचा. ही भुकटी कोठून येते, हें कळल्यास व्यर्थ खर्च वांचेल, म्हणून तिचा येथें विचार करूं.

बॅटरींत शिशाच्या प्लेटा पाणी मिसळलेल्या गंधकाम्लांत बुडालेल्या असतात. ही युक्ति गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शोधून काढली. बॅटरी चार्ज होत असतां, विशेषतः ती भरत आल्यावर, पाण्याचें पृथक्करण होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन वायूंचे बुडबुडे वर येतात. प्रत्येक बुडबुडा फुटतांना अम्लाचे सूक्ष्म तुषार उडतात. झांकणांच्या छिद्रांतून व टर्मिनलच्या बुडाशीं पडलेल्या फटींतून ते बाहेर येऊन धातूवर बसतात. शिशाशीं संयोग झाला म्हणजे पांढरें लेड सल्फेट होतें. तांब्याशीं झाला म्हणजे मोरचूद. बोर्डो मिश्रणासाठीं जो मोरचूद आपण दाम मोजून आणतों, तोच येथें आपली तार खाऊन तयार होत असतो!

अम्ल बाहेर येण्याचीं मुख्य कारणें तीन. पहिलें, पाणी कांठोकांठ भरणें. गरम झालें कीं तें फुगून बाहेर सांडतें. दुसरें, चार्जिंग प्रमाणाबाहेर होणें. १२ व्होल्टच्या बॅटरीस इंजिन चालूं असतां साधारण १४ व्होल्टच्या आसपास दाब मिळावा. रेग्युलेटर बिघडून तो १५ च्या वर राहूं लागला, तर आंतील पाणी सारखें उकळल्यासारखें होतें व वरचेवर घालावें लागतें. तिसरें, क्लॅम्प हातोडीनें ठोकून बसविणें, अथवा बॅटरी पेटींत सैल राहून हिसके बसणें. त्यानें टर्मिनलच्या बुडाशीं फट पडते.

एवढ्याशा भुकटीनें इंजिन अडावें कां? स्टार्टर दोनशें अँपिअर वीज ओढीत असतां सांध्यावर ओहमच्या केवळ शंभराव्या भागाइतका रोध आला, तरी १२ पैकीं २ व्होल्ट तेथेंच खर्ची पडतात. शिवाय चार्जिंगची वीजही बॅटरींत पुरती पोंचत नाहीं.

उपाय सोपा आहे. इंजिन बंद करून प्रथम ऋण (–) टर्मिनलची तार काढावी, मग धन (+) टर्मिनलची. पेलाभर कोमट पाण्यांत चमचाभर खाण्याचा सोडा घालून ब्रशानें टर्मिनल व क्लॅम्प घासावे. हा सोडा बॅटरीच्या आंत मात्र जाऊं देऊं नये. तेथील अम्ल त्यानें मरतें. नंतर स्वच्छ पाण्यानें धुवून, पुसून, कोरडें करावें. धन तार आधीं व ऋण तार शेवटीं घट्ट बसवून वर व्हॅसलीनचा हात द्यावा. डोळे जपावे, आणि विडी-काडी दूर ठेवावी. हायड्रोजन भडका घेतो. बॅटरींत विहिरीचें पाणी किंवा जादा अम्ल कधीं घालूं नये. डिस्टिल्ड पाणीच खुणेपर्यंत घालावें.

इतकें करूनही महिन्याभरांत भुकटी पुन्हां आली, तर ती घासत बसूं नये. पिकाचें पान पिवळें पडलें म्हणजे आपण मुळाशीं पाहतों. तसेंच येथेंही रेग्युलेटर व टर्मिनलचें बूड जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावें. मूळ दोष तसाच ठेवून नवी बॅटरी बसविली, तर तिचीही तीच गत होईल. पेरणीच्या तोंडावर हें सुचून उपयोग नाहीं. पाऊस उघडतांच अर्धा तास या कामीं घालवावा, अशी आमची वाचकांस विनंति आहे.