मांसाहाराचा वाद आणि खाडीकाठचे पनवेल

विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरांच्या परिघात कोणी जनावर मारू अथवा सोलू नये, आणि खाटकाच्या, मासळीच्या वा खानावळीच्या दुकानातली, पक्ष्यांना ओढून आणणारी घाण टाकू नये, असा दंडक 1937 सालच्या विमान नियमांतील 91 व्या नियमाने घालून दिलेला आहे. पुरेसा बंदोबस्त झाल्याची खात्री पटल्यास परवानगी देण्याचा अधिकार तेवढा महासंचालकांकडे राखून ठेवलेला आहे. या नियमामागे जीवदया नाही आणि आहारशास्त्रही नाही; विमानाच्या यंत्रात शिरणाऱ्या घारींचे भय आहे. उलव्याची टेकडी कापून आणि उलवे नदीचा प्रवाह वळवून उभारलेल्या नवी मुंबई विमानतळाचे 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झाले, आणि पनवेलचा मासळीबाजार, मटणाची दुकाने व नाक्यानाक्यावरचे कोंबड्यांचे पिंजरे त्या परिघात आले. मांस खावे की न खावे या प्रश्नाचा खल आपल्याकडे धर्म, वैद्यक आणि जात या अंगांनी पुष्कळ झाला. परंतु तो जीव आला कोठून, मेला कसा आणि त्याचे रक्त व पिसे गेली कोठे, ही चौकशी करण्याचा प्रघात मात्र पडला नाही. माझ्या मते या वादाचे मर्म त्या चौकशीतच आहे.

अशा चौकशीला पनवेलइतके योग्य गाव शोधून सापडणार नाही. 1830 साली बोरघाटाचा रस्ता झाल्यानंतर मुंबईचा उतारू गलबताने पनवेल बंदरी उतरे आणि तेथून पुण्याची वाट धरी. 1852 साली येथे नगरपालिका आली आणि 2016 साली तिची महानगरपालिका झाली. आगरी, कोळी, ब्राह्मण, मुसलमान, गुजराती व जैन व्यापारी यांची घरे जवळजवळ असलेल्या या गावात एका घरी सुकटीचा वास आणि पलीकडच्या घरी चातुर्मासाचे नेम, असा शेजार पिढ्यानपिढ्या नांदला. फार कशाला, आगरी-कोळी घरांतसुद्धा आजोबा माळकरी असले म्हणजे त्यांचे पातेले निराळे राहते आणि बाकीची मंडळी म्हावरं खातात, पण त्यापायी कोणी कोणाला घराबाहेर काढीत नाही. देशाच्या महानिबंधकांच्या 2014 सालच्या पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे साठ टक्के प्रौढ मांसाहारी आढळले होते; या राज्याचे खरे रूप हे असे मिश्र आहे.

खाडीकाठच्या जुन्या आहाराचा एक क्रम होता आणि तो समजून घेण्यासारखा आहे. ओहोटी लागली की चिखलातून निवट्या टणाटण उड्या मारू लागतात. गुडघाभर रेंद्यात उतरून, बिळात हात घालून त्या धरणाऱ्या माणसाला खारफुटीची मुळे कोठवर पोचली आहेत आणि भरती किती वेळात फिरणार, हे अचूक ठाऊक असते. बोईट, चिंबोरी, कोळंबी खाडीची. जिताड्याचे पिल्लू खाडीतून आणून खारेपाटातल्या गोड्या तळ्यात वाढवायचे आणि एखाद्या मानाच्या घरी तो भेट म्हणून धाडायचा, ही रायगडची खास रीत. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळायचे, श्रावण पाळायचा, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावाचून होडी लोटायची नाही. सरकारने 1 जून ते 31 जुलै ही यांत्रिक मासेमारीची बंदी ठरविली, तीही याच ऋतुमानाला धरून. या रिवाजांत धर्मभावना किती आणि व्यवहारज्ञान किती, याचा हिशेब मांडता येणार नाही. पण माशाला वीण घालण्यास अवधी मिळे आणि माणसाच्या पोटालाही विश्रांती मिळे, एवढे निश्चित. परंपरेची आंधळी स्तुती मात्र मला करावयाची नाही. पहिल्या पावसात अंडी सोडण्यासाठी शेतांकडे चढणारे वळगणीचे मासे टोपल्या भरभरून धरणे हाही याच परंपरेचा भाग आहे, आणि गाभोळीने भरलेली मादी मारणे म्हणजे पुढील वर्षाचे बियाणे खाऊन टाकणे होय.

आता आरोग्याचे पाहू. 1872 साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी पनवेलमध्ये धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला. तेव्हा चरकाचे नाव या गावाला परके नाही. त्या चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात प्राण्यांच्या राहणीवरून व खाण्याच्या रीतीवरून मांसाचे आठ वर्ग पाडून प्रत्येकाचे गुणदोष सांगितले आहेत; शरीर पुष्ट करणाऱ्या द्रव्यांत मांसाला अग्रस्थान दिले आहे; आणि त्याच सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात प्राण वाढविणाऱ्या गोष्टींत अहिंसेला सर्वश्रेष्ठ ठरविले आहे. या दोन विधानांपैकी सोयीचे तेवढे उचलून प्राचीनांची साक्ष काढणाऱ्या दोन्ही पक्षांना मला सांगावेसे वाटते की, त्या आचार्यांनी क्षीण झालेल्या रोग्याचा विचार एका प्रकरणी केला आणि मनुष्याच्या समग्र आयुष्याचा दुसऱ्या प्रकरणी. दोहोंत विरोध नाही.

आधुनिक वैद्यकही याहून फार निराळे बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने ऑक्टोबर 2015 मध्ये खारवलेले, धुरावलेले, रसायने घालून टिकविलेले मांस निश्चित कर्ककारक ठरविले, दररोज 50 ग्रॅम असे मांस खाण्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो असे नमूद केले, आणि तांबड्या मांसाला संभाव्य कर्ककारकांच्या गटात घातले. हा इशारा खरा आहे. पण तो ज्यांच्या ताटात रोज मांस पडते त्यांच्यासाठी आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के मुलांची वाढ खुंटलेली आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. माथेरानच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतल्या पोराला आठवड्याचे एक अंडे देताना त्या कर्करोगाची धास्ती दाखविणे हा अन्याय आहे. राज्य सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरविले, न खाणाऱ्यांना केळे दिले, आणि जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा निधी बंद केला. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. न खाणाऱ्याच्या नेमाला केळ्याने धक्का लागत नव्हता आणि खाणाऱ्याच्या हाडामांसाला अंड्याने आधार मिळत होता.

नीतीचा प्रश्न याहून अवघड आहे. पनवेलच्या शेजारच्या पेण तालुक्यातील गागोदे या गावी 1895 साली जन्मलेल्या विनोबांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, 11 जानेवारी 1982 पासून, देवनारच्या कत्तलखान्यापुढे गोवंशरक्षणाचा सत्याग्रह सुरू करविला. त्यांच्या करुणेपुढे मी नतमस्तक आहे. परंतु 2015 पासून महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीस बंदी झाल्यावर भाकड व थकल्या जनावराचा भार गरीब शेतकऱ्याच्या दावणीला पडला, आणि दूध पिणाऱ्या आपण शाकाहारी म्हणविणाऱ्यांनी त्यातला वाटा उचलला नाही. गाय-म्हैस दूध देते ती वासरू झाल्यामुळे, आणि त्या वासरांतली निम्मी नर असतात. त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न दुधाच्या पिशवीबरोबर घरात येतोच.

त्याहून मोठी हिंसा मात्र नजरेसमोर असून दिसत नाही. ब्रॉयलर कोंबडी सुमारे चाळीस दिवसांत दोन किलोची होते. दुकानातल्या लोखंडी पिंजऱ्यात ती दाटीवाटीने कोंबलेली असते. हात आत जातो, एक पाखरू पायांनी ओढले जाते, मानेवरून सुरी फिरते, आणि ते प्लास्टिकच्या पिंपात पडून झाकणावर थडाथडा आपटत राहते, ते सारे पिंजऱ्यातल्या बाकीच्यांच्या देखत. एका जनावरासमोर दुसरे मारू नये, पशुवैद्याच्या तपासणीवाचून मारू नये, असे 2001 चे कत्तलखान्यांविषयीचे नियम सांगतात. ते या दुकानांच्या दारापर्यंत पोचलेले नाहीत. विधी आयोगाने जुलै 2017 मध्ये आपल्या 269 व्या अहवालात कोंबड्यांच्या पिंजऱ्यांविषयी शिफारशी केल्या. 2019 च्या पशुगणनेत देशातील कोंबड्या व इतर पाळीव पक्षी 85 कोटींवर गेले. इतके पक्षी दाटीने वाढवायचे तर औषधांचा मारा येतो. माणसाच्या शेवटच्या उपचारासाठी राखावयाचे कोलिस्टिन हे प्रतिजैविक पशुखाद्यातून बंद करण्यासाठी 2019 साली केंद्राला हुकूम काढावा लागला. बर्ड फ्लूने 2006 साली नवापूरच्या कोंबड्या मारल्या, आणि जानेवारी 2025 मध्ये तो आपल्या उरण तालुक्यातील चिरनेरपर्यंत आला.

अशा स्थितीत सणावारी एक दिवस दुकाने बंद ठेवण्याचे जाहीरनामे निघतात. पर्युषणाच्या निमित्ताने 2015 साली मुंबईत निघालेल्या अशा हुकुमाला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. 1988 च्या निर्णयाचा आधार घेऊन कल्याण-डोंबिवलीने 15 ऑगस्ट 2025 साठी तसाच हुकूम काढला. एका दिवसाच्या बंदीने कोंबडीचे मरण सुसह्य होत नाही आणि खाणाऱ्याची प्रकृतीही सुधारत नाही. शेजाऱ्याचे मन मात्र दुखावते.

राहता राहिले पर्यावरण. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने 2013 साली पशुपालनाचा हरितगृह वायूंतील वाटा साडेचौदा टक्के धरला होता, आणि 2023 च्या नव्या गणनेत तो सुमारे बारा टक्क्यांवर आणला. या आकड्यात अमेरिका-ब्राझीलच्या गोमांसाचा वाटा मोठा आहे. भारतात रवंथ करणाऱ्या जनावरांचा मिथेन प्रामुख्याने दुधाच्या गोठ्यातून येतो. आणि पनवेलपुरते बोलायचे तर खाडीतला मासा खाणाऱ्याने जितका संपविला नाही तितका न खाणाऱ्या कारखान्यांनी संपविला. तळोजा औद्योगिक वसाहतीतून वाहणाऱ्या कासाडी नदीचे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. ऑगस्ट 2017 मध्ये त्याच परिसरात निळ्या रंगाची कुत्री रस्त्यावर फिरताना लोकांनी पाहिली, तेव्हा कोठे प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक कारखाना बंद केला. कोळ्याच्या जाळ्यात मासा येईना म्हणून त्याची मुले आज ब्रॉयलर खातात. आहार बदलला तो उपदेशाने बदललेला नाही, नदीत सोडलेल्या पाण्याने बदलला.

विमानतळाच्या निमित्ताने आता 91 व्या नियमाची अंमलबजावणी होईल. तिचा अर्थ कोळणीला बाजारातून उठविणे असा कृपा करून कोणी घेऊ नये. महानगरपालिकेने कोंबडी व बकरे मारण्यासाठी बंदिस्त, स्वच्छ, पशुवैद्याच्या देखरेखीखालील जागा बांधावी, तेथे 2001 चे नियम अक्षरशः पाळावेत, पिसे व आतडी रोजच्या रोज प्रक्रियेसाठी उचलावीत, आणि मासळीबाजारास ओटे, पाणी व बर्फ द्यावा. कासाडीत सांडपाणी सोडणाऱ्यावर कोणाचाही मुलाहिजा न ठेवता खटले भरावेत. आणि खाणाऱ्या वाचकांना माझी विनंती एवढीच की, पाळायचे वार पुन्हा पाळा, गाभोळीची मासळी पावसाळ्यात घेऊ नका, आणि पुढच्या रविवारी दुकानदाराला कोंबडी कोठून आली व कशी मारली, हे विचारल्याखेरीज पैसे देऊ नका.