मागणी-पुरवठा शिकायचा कुठे? फळ्यावर की लासलगावात?

अर्थशास्त्र शिकवणाऱ्या आम्हा मंडळींची एक जुनी सवय आहे. फळ्यावर दोन रेषा काढायच्या, एक चढती, एक उतरती. त्या जिथे छेदतात तिथे ठिपका द्यायचा आणि म्हणायचं, ही समतोल किंमत. समोर बसलेली निम्मी मुलं निफाड, चांदवड, येवल्याकडची. रेषा त्यांना पाठ होतात. पण घरचा कांदा काल त्याच भावाला का गेला, हे त्या रेषांवरून त्यांना सांगता येत नाही. मग हे शिक्षण कशाला, असा प्रश्न त्यांनी विचारला तर त्यात चूक काय?

यावर एक उपाय आहे, वर्गातच बाजार भरवायचा. हार्वर्डला चेंबरलिन यांनी हे केलं आणि १९४८ साली त्यावर लिहिलं. त्यांच्या वर्गातले व्यवहार पुस्तकातल्या समतोलावर काही आले नाहीत. त्या वर्गात बसलेल्या व्हर्नन स्मिथ यांनी पुढे स्वतः शिकवताना नियम बदलले. भाव सगळ्यांना ऐकू येईल असा पुकारायचा आणि खेळ पुन्हा पुन्हा खेळायचा. भाव समतोलाजवळ येऊ लागला! २००२ साली स्मिथ यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता हाच खेळ आपण कांद्यावर मांडू. दहा चिठ्ठ्या करा. पाच शेतकरी, प्रत्येकाकडे एक क्विंटल. खर्च ८००, १०००, १२००, १४०० आणि १६०० रुपये. पाच खरेदीदार. जास्तीत जास्त १८००, १६००, १४००, १२०० आणि १००० रुपये देणारे. चिठ्ठी कुणी कुणाला दाखवायची नाही. दोन-चार फेऱ्यांत भाव १३०० च्या आसपास स्थिरावू लागतो, तीन सौदे होतात. ज्यांचा खर्च १४०० आणि १६०० आहे, ते माल परत नेतात.

पुढच्या फेरीत सांगायचं, १८०० आणि १६०० वाले निर्यातदार होते, आज निर्यातबंदी आहे. हे काही कल्पनेतलं नाही. ८ डिसेंबर २०२३ ला बंदी आली, ती ४ मे २०२४ ला उठली. दोन खरेदीदार गेले की सौदे दोनच होतात, भाव ११०० च्या घरात येतो. आता मुलांनाच हिशेब मांडू द्या. शेतकऱ्यांचा एकूण फायदा ९०० वरून ४०० वर आला. देशातल्या ग्राहकांचा १०० वरून ४०० झाला. म्हणजे एकाचं गेलं ५००, दुसऱ्याला मिळालं ३००. मग चिठ्ठ्या बदलायच्या. शेतकऱ्याच्या मुलाने शहरातला ग्राहक व्हायचं. भांडण होऊ द्यावं, पण आकडे हातात ठेवून.

खरी गंमत यापुढे आहे. मुलांना लासलगावच्या लिलावाला न्यायचं आणि एकच विचारायचं, इथला नियम आपल्या खेळापेक्षा वेगळा कुठे आहे? बघा, आपल्या खेळात दोन्ही बाजू भाव पुकारतात. इथे व्यापारी बोली चढवतात आणि शेतकरी ट्रॅक्टरजवळ उभा असतो. भाव पटला नाही तर नाही म्हणण्याचा हक्क त्याला आहे. पण गाडीभाडं डोक्यावर असतं, आणि चाळीत ठेवलेला कांदा दिवसागणिक वजन सोडतो, सडतो. त्या 'नाही' म्हणण्याची किंमत किती, हे मोजायला लागलं की मुलगा अर्थशास्त्र शिकायला लागला.

ही वाट आपल्याकडे नवी नाही बरं का. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातल्या हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांना घेऊन पिंपळे सौदागर गाव घरोघर तपासलं, १९१७ साली त्यावर पुस्तक आलं. धनंजयराव गाडगीळांच्या गोखले संस्थेने पुण्याच्या फळबाजाराची पाहणी केली. म्हणजे आधी बाजार, मग सिद्धांत.

रेषा पुसायच्या नाहीत, मंडळी. त्या शेवटी काढायच्या. तोवर त्या कुणाच्या आहेत, हे मुलांना कळलेलं असतं.