तुरुंगाचे दार आणि घराचा उंबरठा

तुरुंगातून मनुष्य सुटला की त्याची शिक्षा संपली, असे आपण सहज म्हणून जातो. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. परंतु वाचकहो, चौदा-पंधरा वर्षांनी बाहेर पडलेल्या माणसाकडे क्षणभर पाहा. २०१६ च्या नोव्हेंबरपूर्वी जो आत गेला, त्याच्या ओळखीची हजाराची नोट आज चलनात नाही. मागे ठेवलेले तान्हे मूल आता शाळा संपवीत आले आहे. इतकी वर्षे कधी उठावे, काय खावे, कोठे बसावे हे दुसऱ्याने ठरविले. आज एकाएकी सारे त्यानेच ठरवावयाचे आहे.

मुदतपूर्व सुटकेविषयी एक गैरसमज फार रूढ आहे. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, ती भरली की दार उघडले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः जन्मठेप ही आयुष्याच्या अखेरपर्यंतची शिक्षा होय. ज्या गुन्ह्यास मृत्युदंडही देता आला असता, अशा गुन्ह्यासाठी जन्मठेप भोगणाऱ्यास चौदा वर्षांच्या कारावासापूर्वी सोडू नये, अशी मर्यादा १९७८ साली कायद्यात घालण्यात आली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. राष्ट्रपती व राज्यपाल यांचे घटनादत्त अधिकार अर्थातच निराळे. चौदा वर्षे भरली म्हणजे केवळ विचारास आरंभ होतो. गुन्ह्याचे स्वरूप, बंदिवानाचे वर्तन, त्याच्या हातून पुन्हा तसे घडण्याचा संभव, हे सारे पाहून शासन निर्णय घेते. ज्या राज्यांत असे धोरण आहे, तेथे पात्र बंदिवानाने अर्ज केला नसला तरीही त्याचा विचार झाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. ज्याला अर्ज लिहिता येत नाही, ज्याचा वकील नाही, अशा गरिबासाठी ही गोष्ट मोलाची आहे.

सुटकेचा हुकूम एका दिवसात निघतो. माणसाची तयारी मात्र हळूहळू व्हावी लागते. ही जाणीव आपल्या देशात नवी नाही. १९३९ साली औंध संस्थानात, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या आटपाडीजवळ, ‘स्वतंत्रपूर’ नावाची वसाहत उभी राहिली. कल्पना पोलंडमध्ये जन्मलेल्या मॉरिस फ्रीडमन या अभियंत्याची, आणि पाठबळ राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे. तेथे बंदिवान भिंतींवाचून राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला.

उत्तर प्रदेशात डॉ. संपूर्णानंद यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये चंद्रप्रभा धरणाच्या बांधकामावर बंदिवानांचे खुले शिबिर भरले. पुढे ते राजस्थानचे राज्यपाल असताना, १९६३ साली, जयपूरजवळ सांगानेर येथे खुले शिबिर सुरू झाले. त्यांचेच नाव आज त्यास आहे. शिक्षेचा बराच भाग बंद तुरुंगात नेटाने काढलेल्यांना तेथे पाठवितात. बायकामुले सोबत राहू शकतात. सकाळी हजेरी देऊन ही माणसे गावात मोलमजुरीस, कारखान्यात वा दुकानात जातात आणि सायंकाळच्या हजेरीस परततात. संसाराचा खर्च त्यांनी स्वतःच्या कमाईतून भागवावयाचा असतो. अशा रीतीने सुटकेचा दिवस उगवण्यापूर्वीच मजुरी, भाडे, बाजार आणि शेजार यांची सवय पुन्हा जडते.

येथे कोणी विचारील, ज्यांच्या घरातील माणूस गेला त्यांचे काय? हा प्रश्न रास्त आहे आणि तो विसरून कोणतीही सुधारणा टिकणार नाही. मुदतपूर्व सुटका म्हणजे गुन्हा पुसला गेला असे नव्हे, आणि ज्यांचे दुःख अजून ओले आहे त्यांच्याकडून क्षमेची अपेक्षा करण्याचा अधिकार इतरांना नाही. परंतु शिक्षा भोगणाऱ्यांपैकी बहुतेक जण कधी ना कधी परतणारच आहेत. प्रश्न एवढाच की, ते हातास काम आणि मनास धीर घेऊन परतावेत, की सारी दारे बंद पाहून पुन्हा जुन्याच सोबत्यांकडे वळावेत? दुसरा मार्ग कोणाच्याही घराला सुरक्षित ठेवीत नाही.

तुरुंगात शिकविलेले सुतारकाम वा विणकाम बाहेर कोणी काम दिले तरच उपयोगी पडते. खोली भाड्याने देताना, कारखान्यात माणूस घेताना, ‘हा आत जाऊन आलेला’ एवढ्यावरच नकार देण्यापूर्वी त्याचे आजचे वागणे पाहावे. आणि निदान एवढे तरी प्रत्येक कुटुंबास करता येईल: वडिलांच्या गुन्ह्यावरून शाळेत कोणा मुलास चिडविले जात असेल, तर आपल्या मुलांना जवळ बसवून सांगावे की, त्या मुलाने काहीही केलेले नाही, उद्या त्याला खेळायला घरी बोलाव.