आकृतीवाचूनचे रंग

वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रासमोर उभे राहिले की प्रथम काहीच हाती लागत नाही. मग धुक्यातून पाणी दिसू लागावे तसा रंगाचा एकेक थर उलगडतो. कुणाला त्यात समुद्र भेटतो, कुणाला एखादी जुनी हुरहूर. १९८४ साली, साठीच्या उंबरठ्यावर, अपघातात त्यांना गंभीर दुखापत झाली. मोठे कॅनव्हास हाताळणे अवघड झाले, तेव्हा ते कागदावर शाईने लहान चित्रे करीत राहिले.

घरातील वृद्धांचा हात थरथरत असेल, पक्षाघातानंतर शब्द सापडत नसतील, तर अमूर्त चित्र त्यांना जवळचे वाटू शकते. फुलदाणी हुबेहूब काढण्याचा नेमकेपणा येथे लागतच नाही. जाड दांड्याचा ब्रश, पाण्यात मिसळणारे रंग, टेबलाला चिकटपट्टीने घट्ट बसवलेला कागद एवढे पुरे. दृष्टी मंदावली असल्यास रंग ठळक असावेत. शुश्रूषा करणाऱ्याने मात्र ‘हे काय काढलंत?’ असे विचारू नये. परीक्षा दिल्यासारखे वाटते आणि ब्रश खाली ठेवला जातो. शेजारी बसून ‘हा निळा किती खोल उतरलाय’ एवढेच म्हणावे. त्यावर कधी गावच्या नदीची आठवण निघते, कधी काहीच नाही. हात तेवढा चालत राहतो.